चिकण मातीला चुना आणि तुसाची राख : क्रम चुकला की सगळे चुकते

चुना टाकला, राखही टाकली, रोलर फिरवला आणि पहिल्याच पावसाळ्यात जमीन पुन्हा फुगली. ही तक्रार इतकी सारखी येते की कारणेही आता पाठ झाली आहेत. चुना चुकीच्या जातीचा असतो. राख चुन्याच्या जोडीला न टाकता त्याच्या जागी टाकलेली असते. किंवा माती मुरू न देता त्याच दिवशी दाबून टाकलेली असते. यातली एकही चूक नंतर वरून दुरुस्त होत नाही, म्हणून हा लेख तयारीवर आणि क्रमावर जास्त वेळ थांबतो.

ही पद्धत रस्त्याच्या पायासाठी, आवारासाठी, फरशीखालच्या भरावासाठी आहे. पिकाखालच्या जमिनीवर ती वापरू नका, कारण इतक्या चुन्यात मुळे तग धरत नाहीत. इमारतीच्या पायाखाली वापरायची असेल तर अभियंत्याने केलेले संकल्पन हवेच.

## आधी एवढे समजून घ्या

चुना मातीत दोन कामे करतो. पहिले काम तासा-दिवसांत होते. चुन्यातले कॅल्शियम चिकणमातीच्या कणांवर बसते, कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि चिकट माती रवाळ होते. दुसरे काम आठवडे-महिने चालते. मिश्रणाचा सामू १२.४ च्या आसपास टिकून राहिला तर मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना विरघळतात, कॅल्शियमशी जुळतात आणि सिमेंटसारखा बंध तयार होतो.

राखेचा उपयोग या दुसऱ्या कामात होतो. ती सहज विरघळणारी सिलिका पुरवते, पण तिच्यात स्वतःचा चुना जवळजवळ नसतो. चुना कमी पडला तर तो सगळा पहिल्या कामातच संपतो आणि राख नुसता भराव म्हणून पडून राहते. हा भराव हलका आणि पाणी पिणारा असल्यामुळे उलट घनता कमी होते. म्हणून आधी मातीची चुन्याची भूक भागवायची, मग राख द्यायची. पुढचे सगळे टप्पे यावरच उभे आहेत.

## टप्पा १ : माती या कामाची आहे का

वरचा १५ ते २० सेंटीमीटर थर मुळे, काडीकचरा आणि कुजलेल्या पदार्थांसकट काढून बाजूला ठेवा. सेंद्रिय पदार्थ चुना खातात आणि बंध बसू देत नाहीत. त्यांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या वर असेल तर चुन्याचा भरवसा धरू नका.

खालच्या मातीचे नमुने जागेच्या निदान तीन-चार ठिकाणांहून आणि ज्या खोलीपर्यंत काम करायचे तेवढ्या खोलीतून घ्या. माती बदललेली दिसली तर नमुना वेगळा ठेवा, एकत्र मिसळू नका. प्रयोगशाळेतून तीन गोष्टी काढून घ्या :

- प्लॅस्टिसिटी इंडेक्स, म्हणजे माती किती ओलाव्याच्या पट्ट्यात मळण्याजोगी राहते त्याचा आकडा. तो १० पेक्षा जास्त असावा.
- ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा भाग. तो निदान २५ टक्के असावा. वाळू जास्त असेल तर चुन्याला पकडायला चिकणमातीच उरत नाही.
- विरघळणारे सल्फेट. मातीच्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत धोका कमी असतो. ०.३ ते ०.८ टक्क्यांच्या मध्ये तज्ज्ञाचा सल्ला आणि फुगवणुकीची वेगळी चाचणी हवी. ०.८ च्या वर या मातीत चुना घालूच नका.

सावधान : सल्फेटकडे दुर्लक्ष करणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. जिप्समयुक्त मातीत चुना गेला की सल्फेट, ॲल्युमिना आणि कॅल्शियम मिळून एट्रिंगाइट नावाचे स्फटिक तयार होतात. ते भरपूर पाणी धरून फुगतात. जमीन काही महिन्यांनी उचलली जाते आणि कच्ची माती कधी फुगली नसती इतकी फुगते. मातीत चमकणारे पांढरे स्फटिक किंवा पांढरे धागे दिसले तर सल्फेटची चाचणी झाल्याशिवाय एकही पोते फोडू नका.

## टप्पा २ : चुना नीट ओळखा

बाजारात पांढऱ्या पुडीला सरसकट चुना म्हणतात. कामाला येतात ते दोनच : कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, आणि विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. शेतीसाठी विकला जाणारा चुनखडीचा भुगा आणि मैदानावर रेघा मारायची फक्की बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट असते. तिचा मातीच्या बळकटीसाठी काहीही उपयोग नाही. जुन्या, उघड्या राहिलेल्या पोत्यातला चुनाही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हळूहळू तसाच होऊन बसतो.

तपासणी : चमचाभर पुडीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. जोरात फसफसले तर त्यात कार्बोनेट भरपूर आहे, परत पाठवा. किंचित बुडबुडे चालतील.

लहान कामाला विरलेला चुना घ्या. तो हाताळायला सोपा असतो आणि एकसारखा पसरतो. माती फार ओली असेल तर कळीचा चुना फायद्याचा, कारण विरताना तो पाणी शोषतो आणि उष्णतेने आणखी उडवतो. पण तो भाजतो, म्हणून सराव नसलेल्या माणसाच्या हाती देऊ नका. एकाचा दुसऱ्यात हिशेब करताना १ किलो कळीचा चुना म्हणजे साधारण १.३२ किलो विरलेला चुना धरा.

## टप्पा ३ : राख

सर्वांत भरवशाची राख भाताच्या तुसाची. नीट जळलेल्या तुसाच्या राखेत सिलिका साधारण ८५ ते ९५ टक्के असते. उसाच्या बगॅसची राखही चालते, पण तिच्यात माती आणि न जळलेला कोळसा जास्त येतो, त्यामुळे दर खेपेला ती तपासावी लागते. चुलीतली लाकडाची राख घेऊ नका. तिच्यात पोटॅश आणि कार्बोनेट जास्त, कामाची सिलिका कमी.

राख कशी जळली यावर तिची ताकद ठरते. तूस साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला जळले तर सिलिका अस्फटिक राहते आणि चुन्याशी पटकन जुळते. ८०० च्या पुढे बराच वेळ जळले तर ती स्फटिकरूप होते आणि मग चुन्याला दाद देत नाही. ढिगात कोंडून धुमसलेली राख काळी असते. तो काळेपणा कोळशाचा, आणि कोळसा पाणी पितो. राखाडी ते पांढरट, हलकी राख चांगली. कडक खडे बांधलेली, गुलाबीसर झाक असलेली राख जास्त तापलेली असू शकते.

प्रयोगशाळा हाताशी असेल तर ज्वलनहानी, म्हणजे राख पुन्हा तापवल्यावर घटणारे वजन, काढून घ्या. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या सी ६१८ या मानकात नैसर्गिक पोझोलानासाठी, म्हणजे चुन्याशी जुळून बंध करणाऱ्या पुडीसाठी, ती १० टक्क्यांपर्यंत चालते. सिलिका, ॲल्युमिना आणि लोह ऑक्साइड मिळून ७० टक्क्यांच्या वर असावेत हेही त्याच मानकातले.

राख दळून ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. चिमटीत घेतली तर मैद्यासारखी लागावी, रव्यासारखी नको. न दळता टाकलेली राख मातीत महिनोन्‌महिने तशीच सापडते.

तपासणी : एक भाग विरलेला चुना आणि दोन भाग राख, वजनाने, थोड्या पाण्यात मळून सुपारीएवढ्या पाच-सहा गोळ्या करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून सावलीत सात दिवस ठेवा, मग पाण्यात सोडा. दुसऱ्या दिवशीही गोळी टणक असेल तर राख जिवंत आहे. विरघळून तळाशी चिखल झाला तर ती राख कितीही स्वस्त मिळो, या कामाची नाही.

बॉयलरमधून निघणारी राख बहुधा पाणी मारून विझवलेली असते. अशी ओली राख कोरडी समजून तोलली की प्रमाणच कोसळते. चार किलो ओल्या राखेत दीड किलो पाणी असले तर तुम्ही अडीच किलोच राख टाकली. नमुना १०५ अंशांवर वाळवा, ओलावा काढा आणि पुढचा सगळा हिशेब कोरड्या वजनावर करा.

## टप्पा ४ : मातीला चुना किती लागतो

ही चाचणी ईड्स आणि ग्रिम यांनी १९६६ मध्ये मांडली. आज ती एएसटीएम डी ६२७६ या नावाने वापरतात. तासा-दीड तासाचे काम आहे.

१. माती वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. २५ ग्रॅमचे सहा भाग झाकणाच्या प्लॅस्टिक बाटल्यांत घाला.

२. बाटल्यांत अनुक्रमे ०.५, ०.७५, १.०, १.२५, १.५ आणि २.० ग्रॅम चुना घाला. म्हणजे २, ३, ४, ५, ६ आणि ८ टक्के झाले. चुना कामावर वापरणार तोच घ्या, शुद्ध रसायनाची बाटली नको.

३. सातव्या बाटलीत माती घालू नका, फक्त २ ग्रॅम चुना घाला. ही आपली तुलनेची बाटली.

४. प्रत्येकीत उकळून गार केलेले १०० मिलिलीटर शुद्ध पाणी घाला.

५. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलवा. तासाभराने मीटरने सामू वाचा.

ज्या सर्वांत कमी टक्केवारीला सामू १२.४ गाठतो तेवढी मातीची भूक. इथे एक खाचखळगा आहे. १२.४ हा आकडा २५ अंश सेल्सिअससाठी आहे. संपृक्त चुन्याच्या पाण्याचा सामू तापमानासोबत बदलतो : २० अंशांना सुमारे १२.६, ३० अंशांना सुमारे १२.३. उन्हाळ्यातल्या गरम खोलीत मीटर १२.४ दाखवणारच नाही, आणि माणूस चुना वाढवत बसतो. मीटरची तापमान-दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडसाठी असते, द्रावणाचा बदल ती भरून काढत नाही. म्हणून सातव्या बाटलीकडे पाहा. मातीची बाटली तिच्या बरोबरीला आली की ती टक्केवारी धरा. सातवी बाटली स्वतःच २५ अंशांना १२.४ च्या बरीच खाली असेल तर दोष चुन्यात किंवा मीटरमध्ये आहे.

सामूची रंगीत पट्टी या कामाला पुरत नाही, १२.१ आणि १२.४ मधला फरक तिच्यावर दिसत नाही. या चाचणीत राखही मिसळू नका. पोटॅश असलेली राख स्वतःच सामू चढवते आणि चुना पुरला असा खोटा निरोप देते.

## टप्पा ५ : नमुना मिश्रणे

भुकेचा आकडा फक्त सुरुवात सांगतो, ताकद सांगत नाही. समजा भूक ५ टक्के आली. तर निदान ही मिश्रणे करून पाहा : कच्ची माती, ५ टक्के चुना, ५ चुना आणि ५ राख, ५ चुना आणि १० राख, ५ चुना आणि १५ राख. टक्केवारी नेहमी कोरड्या मातीच्या वजनाची.

प्रत्येक मिश्रणाची प्रॉक्टर चाचणी वेगळी करा. किती ओलाव्याला माती सर्वांत घट्ट दबते ते ही चाचणी सांगते. चुना आणि राख घातली की योग्य ओलावा वाढतो आणि कमाल कोरडी घनता घटते. चाचणीआधी चुना घातलेली ओली माती प्रयोगशाळेतही एक दिवस झाकून मुरवा, कारण जागेवरही ती मुरणारच आहे.

मग ३८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७६ मिलिमीटर उंचीचे नमुने ठोका, वेळेगणिक तीन-तीन. हवाबंद पिशवीत ७ आणि २८ दिवस ठेवा. घाई असेल तर ४० अंशांवर ७ दिवस चालतील. त्याहून जास्त तापवू नका, कारण जागेवर कधीच न होणाऱ्या अभिक्रिया मग नमुन्यात होतात.

आता सर्वांत महत्त्वाचे : नमुने फोडण्याआधी त्यांना पाणी पाजा. ओल्या सच्छिद्र दगडावर ठेवून २४ तास खालून पाणी चढू द्या. कोरडी काळी माती नुसतीच विटेसारखी कडक असते, तिची कोरडी ताकद पाहून काहीच कळत नाही. पाणी प्यायल्यावर किती उरते ते पाहा. २८ दिवसांत ताकद कच्च्या मातीपेक्षा सुमारे ३५० किलोपास्कलने तरी वाढली तर माती चुन्याला प्रतिसाद देते असे मानतात.

राख वाढवत गेलात की ताकद आधी चढते, शिखर गाठते आणि उतरते. शिखराच्या किंचित अलीकडचे प्रमाण निवडा. बहुतेक चिकण मातींत चुना ३ ते ८ टक्के आणि राख ५ ते १५ टक्के या पट्ट्यात उत्तर सापडते. पण दुसऱ्याच्या मातीचा आकडा स्वतःच्या मातीला लावू नका.

## टप्पा ६ : हिशेब

उदाहरण घेऊ. जागा २० मीटर लांब, ५ मीटर रुंद, दाबलेला थर १५ सेंटीमीटर. आकारमान १५ घनमीटर. मिश्रणाची कोरडी घनता घनमीटरला १,५०० किलो, म्हणजे एकूण कोरडे मिश्रण २२,५०० किलो. प्रयोगशाळेत चुना ५ टक्के ठरला, जागेवरच्या नासधुशीसाठी १ टक्का वाढवून ६ धरला. राख १० टक्के.

कोरडी माती : २२,५०० भागिले १.१६ म्हणजे सुमारे १९,४०० किलो. चुना सुमारे १,१६५ किलो. राख सुमारे १,९४० किलो कोरडी. तूस जळून त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी राख उरते, म्हणजे एवढ्या राखेसाठी जवळपास १० टन तूस लागेल. हे आकडे काम ठरवण्याआधीच डोळ्यांसमोर असावेत.

चुना २५ किलोच्या पोत्यांत घेतला तर ४७ पोती, आपण ४८ धरू. चुना दोन फेरांत टाकायचा आहे : ३२ पोती पहिल्या फेराला, १६ दुसऱ्या फेराला राखेसोबत. पहिल्या फेराची ३२ पोती रुंदीत चार आणि लांबीत आठ अशी मांडली की दोन पोत्यांतले अंतर रुंदीत १.२५ आणि लांबीत २.५ मीटर येते. जमिनीवर दोरीने चौकोन आखून प्रत्येकात एक पोते ठेवा. अंदाजाने ओतले की एका कोपऱ्यात दुप्पट आणि दुसऱ्यात काहीच नाही, असे हमखास होते.

पाणी : मातीत आधीच १८ टक्के ओलावा आहे आणि मिश्रणाचा योग्य ओलावा २५ टक्के आहे, असे समजा. मुरवताना त्याहून ३ टक्के जास्त, म्हणजे २८ टक्के हवा. पहिल्या फेरात सुमारे २,१५० लीटर लागेल. दुसऱ्या फेरात कोरडी राख आल्यावर आणखी सुमारे ६५० लीटर, शिवाय उन्हाने उडालेले वेगळे. हे दुसरे पाणी लोक विसरतात आणि राख मातीतलाच ओलावा ओढून थर भुसभुशीत करते. कळीचा चुना वापरलात तर दर किलोला विरण्यापुरते सुमारे ३२० मिलिलीटर पाणी आणखी धरा.

## कामाला हात लावण्यापूर्वी

चुना डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. बाजूंनी बंद असलेला चष्मा, लांब बाह्या, रबरी हातमोजे आणि बूट हवेतच. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, बारीक कण अडवणारा मास्क लावा, कारण राखेची सिलिकाही फुप्फुसांना घातक आहे. कॉन्टॅक्ट लेन्स घालून काम करू नका. अंगावर पडलेला चुना आधी कोरडाच झटका, मग भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेला तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे सलग धुवत राहा आणि दवाखाना गाठा.

वारा असेल त्या दिवशी पसरू नका. विहीर, तळे किंवा ओढा जवळ असेल तर आधी बांध घाला. चुन्याचे पाणी मासे मारते.

## टप्पा ७ : पहिला फेर, फक्त चुना

१. जमीन १५ सेंटीमीटर खोल नांगरून उकरा. दगड आणि मुळे वेचा. ढेकळे फोडा.

२. पोती चौकोनांत फोडा आणि दाताळ्याने एकसारखी ओढा. पसरलेला चुना त्याच तासात मातीत गेला पाहिजे.

३. रोटाव्हेटरचे दोन कोरडे फेर मारा, मग पाणी शिंपडत आणखी दोन-तीन. पाणी एकदम ओतू नका, चर पडतात आणि चुना वाहून एका जागी साचतो.

४. कडा नीट घ्या. थर नियोजित कडेच्या बाहेर निदान ३० सेंटीमीटर असावा, कारण पाणी आधी कडेनेच शिरते. ही जास्तीची पट्टी टप्पा ६ मधल्या क्षेत्रफळातही धरायची.

तपासणी : तीन-चार ठिकाणी थराच्या पूर्ण खोलीचा खड्डा घ्या आणि उभ्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारा. चुना पोचला तिथे कडा गडद गुलाबी होते. वर गुलाबी आणि खालची चार बोटे मातकट दिसली, तर रोटाव्हेटर खाली पोचलेला नाही, पुन्हा फिरवा. गुलाबी रंग चुना आहे एवढेच सांगतो, पुरेसा आहे असे सांगत नाही.

## टप्पा ८ : मुरवण

हलका रोलर एकदा फिरवून पृष्ठभाग बंद करा आणि २४ ते ७२ तास सोडा. माती जितकी चिकट, तितका वेळ जास्त. दिवसातून एकदा पाणी शिंपडून वरचा भाग ओला ठेवा. वाळलेल्या थरात चुना हवेशी जुळून कार्बोनेट होतो आणि वाया जातो.

मुरली की नाही हे हाताला कळते. पहिल्या दिवशी मूठ आवळली की माती बोटांच्या फटींतून साबणासारखी निघते आणि तळव्याला चिकटून राहते, धुतल्याशिवाय सुटत नाही. मुरल्यावर तीच माती मुठीत गोळा होते, पण अंगठ्याने दाबली की रव्यासारखी फुटते आणि तळवा जवळजवळ स्वच्छ राहतो. हा बदल दिसला नाही तर पुढे जाऊ नका. ओलावा कमी असेल किंवा चुना कमी पडला असेल, ते आधी शोधा.

थंडीत हे काम रखडते. जमिनीचे तापमान ५ अंशांच्या खाली गेले की बंध बसणे जवळजवळ थांबते.

## टप्पा ९ : दुसरा फेर, राख आणि उरलेला चुना

उरलेली १६ पोती चुना आणि सगळी राख आधी कोरडी एकत्र करा. एका पोत्याला सुमारे १२० किलो कोरडी राख येते. रंग एकसारखा होईपर्यंत फावड्याने तीनदा परता. राख आणि चुना वेगवेगळे पसरले तर राखेचे पट्टे राहतात. दोन्ही मिसळून टाकले की राखेचा प्रत्येक कण चुन्याच्या शेजारी पडतो. या कष्टांचा मोबदला २८ दिवसांनी दिसतो.

राख हलकी असल्याने उडते. पसरताना बारीक फवाऱ्याने जेमतेम ओलसर करा. मग रोटाव्हेटरचे तीन-चार फेर मारा आणि दुसरे पाणी द्या.

तपासणी : कामावरची घमेलेभर माती चाळा. सगळी २५ मिलिमीटरच्या चाळणीतून आणि निदान ६० टक्के ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून गेली पाहिजे. मोठ्या ढेकळाच्या आत कच्ची माती तशीच असते, आणि पावसात ती आतून फुगते.

## टप्पा १०: दबाई

मिसळणी झाली त्याच दिवशी दाबा. तळातून वर दाब येण्यासाठी आधी पायांचा, म्हणजे ड्रमवर खुंट असलेला रोलर, मग गुळगुळीत. लहान जागेत यांत्रिक धुमस चालेल, पण थर १० सेंटीमीटरचाच घ्या आणि टप्पा ६ चा हिशेब त्याप्रमाणे पुन्हा करा.

घनता खड्ड्यात वाळू ओतून मोजा आणि तुलना मिश्रणाच्या प्रॉक्टरशी करा, कच्च्या मातीच्या नाही. कच्च्या मातीची कमाल घनता घनसेंटीमीटरला १.६० ग्रॅम असेल तर तिचे ९५ टक्के १.५२ येतात. मिश्रणाची कमाल घनताच १.५० आहे, तर १.५२ कधी येणारच नाही. मग रोलर फिरत राहतो आणि नुकत्या बसलेल्या गुठळ्या चिरडतो. मिश्रणाच्या ९५ टक्के, म्हणजे इथे १.४३ च्या आसपास मिळाले की थांबा.

रोलरपुढे माती लाटेसारखी हलली तर पाणी जास्त आहे, थोडे वाळू द्या. पृष्ठभागावर बारीक आडव्या चिरा आणि पापुद्रे दिसले तर पाणी कमी आहे. पापुद्र्यावर नवा थर टाकू नका. वरचा सेंटीमीटरभर खरवडून काढा, ओला करा, मग टाका.

## टप्पा ११ : ओलावा धरणे

निदान ७ दिवस थर ओला राहिला पाहिजे. दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारा, किंवा प्लॅस्टिकचा कागद घालून कडा मातीने दाबा. ओली पोती पसरली तरी चालेल, पण ती दुपारी वाळता कामा नयेत. या दिवसांत गाडी, ट्रॅक्टर, जनावरे काहीच वर नको.

दबाईच्या दिवशी त्याच मिश्रणाचे पाच सेंटीमीटरचे चार गोळे करून पिशवीत ठेवलेले असावेत. सातव्या दिवशी एक गोळा आणि सोबत कच्च्या मातीचा तेवढाच गोळा पाण्यात सोडा. कच्चा गोळा कडेने सुटत जाऊन थोड्या वेळात ढीग होतो. चुन्याचा गोळा दुसऱ्या दिवशीही आकार धरून असला, तर वर खडीचा किंवा मुरमाचा थर घालायला हरकत नाही. हा थर लागतोच. चुना-राखेचा थर चाकांची घासण सहन करण्यासाठी नाही, उघडा ठेवला तर वरून भुगा होत जातो. कडेने पाणी निघून जाईल असा उतार आणि चर त्याच वेळी करून घ्या.

गोळा पाण्यात सुटला, किंवा एखादा पट्टा पायाखाली मऊ लागला, तर वरून चुना भुरभुरू नका, सिमेंटचा लेपही देऊ नका. तेवढा पट्टा पूर्ण खोलीपर्यंत उकरा आणि फिनॉल्फ्थॅलीन मारून पाहा. रंग आला नाही तर चुना पोचलेलाच नाही, म्हणून टप्पा ७ पासून सुरू करा. रंग गडद आला तर ढेकळे, ओलावा आणि घनता तपासा. दोष यांतच असेल, आणि तीन दिवसांच्या आत लक्षात आले तर थोडे पाणी देऊन तेच मिश्रण पुन्हा मिसळून दाबता येते. त्याहून जास्त दिवस गेले असतील तर बसलेला बंध मोडतो, म्हणून उकरलेल्या मातीत एक-दोन टक्के ताजा चुना नव्याने घालावा लागतो.